दुखणे थांबले म्हणजे गुडघा बरा झाला, असे नव्हे

माझ्या भाच्याच्या उजव्या गुडघ्याचे एका वर्षाच्या आत दोनदा ऑपरेशन झाले. पहिल्या वेळी नातेवाईक, शेजारी, मोहल्ल्यातले बुजुर्ग सगळे धीर द्यायला आले. दुसऱ्या वेळीही तेच लोक आले, पण प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, "एकदा झालं होतं ना? मग पुन्हा कशाला?" कोणी म्हणाले, डॉक्टरने फसवले. कोणी म्हणाले, पोरगा ऐकत नाही. एका चाचीने तर नजर लागली म्हणून सांगून टाकले. माझी आपा सगळ्यांना चहा द्यायची, ऐकून घ्यायची आणि रात्री मला फोन करून रडायची.

मी मोखाड्यात शिक्षिका आहे. डॉक्टरकीशी माझा काही संबंध नाही. पण उर्दू-मराठी दोन्ही येते आणि थोडेफार इंग्रजीही वाचता येते, म्हणून घरातले दवाखान्याचे कागद माझ्याकडेच येतात. दोन्ही वेळा नाशिकला मी सोबत होते. दुसऱ्या वेळी वही घेऊन गेले. डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना सुचेल ते सगळे विचारले, उत्तरे लिहून घेतली, नंतर स्वतःही वाचले. आपल्या घरांतली मुले-मुली कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल खेळतात. उद्या हा प्रश्न कोणाच्याही दारात येऊ शकतो. म्हणून वहीतले काही आपल्यापुढे ठेवते.

आधी दुखापत काय असते ते सांगते. गुडघ्याच्या आत, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारी एक तिरकी दोरी असते. तिला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि पाय वळवताना गुडघा निसटू नये, हे तिचे काम. सरळ चालताना तिच्यावर फारसा ताण येत नाही. पण धावता धावता एकदम थांबलो, पाय जमिनीत रुतलेला असताना अंग वळवले, किंवा उडी मारून वाकडे उतरलो की ती तुटते. कबड्डीत हे सगळे एकाच चढाईत होते. वरून घोटा कोणीतरी धरलेला असतो.

भाच्याचेही असेच झाले. बारावीची परीक्षा संपली आणि मार्चमध्ये गावच्या सामन्यात चढाई करताना मागे वळला. 'कट्' असा आवाज त्याने स्वतः ऐकला. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा सुजला. आठ-पंधरा दिवसांत सूज उतरली, पण उतारावरून खाली येताना गुडघा दगा द्यायचा. मोखाड्यात उतार नाही अशी वाट कुठे आहे? शेवटी नाशिकला एमआरआय काढला. दोरी पूर्ण तुटलेली होती. मे महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झाले.

तुटलेली दोरी बहुतेक वेळा शिवून जुळत नाही. म्हणून शरीरातलाच दुसरा स्नायूबंध काढतात, हाडात बोगदे पाडून त्यातून ओवतात आणि स्क्रूने किंवा बटनासारख्या पट्टीने पक्का करतात. याला ते ग्राफ्ट म्हणतात. आपला शब्द आहे कलम. आमच्या तालुक्यात वाड्यांमध्ये आंबा-काजूची कलमे लावतात, त्यामुळे हा शब्द घरात सगळ्यांना लगेच समजला. कलम लावले म्हणजे झाड झाले असे होत नाही. आंब्याच्या कोवळ्या कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षी मोहोर आला तर जाणता शेतकरी तो खुडून टाकतो, कारण फळाचा भार त्याला सोसणार नसतो.

गुडघ्यातल्या कलमाचेही तसेच असते. नव्या जागी बसवलेल्या या स्नायूबंधाला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. हळूहळू त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात. या फेरबदलात पहिल्या काही महिन्यांत कलम उलट कमजोर होते आणि मग बळकट होत जाते. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालते. घोटाळा असा की, दुखणे मात्र दोन-तीन महिन्यांतच थांबते. टाके सुकतात, सूज जाते, कुबडी सुटते. घरच्यांना वाटते, बरे झाले. मुलालाही वाटते, बरे झाले. कलम अजून कच्चेच असते.

भाच्याला पोलीस भरतीची तयारी करायची होती. मैदानी चाचणीत १६०० मीटर धावावे लागते. पावसाळा संपला, मैदान सुकले आणि तो धावू लागला. त्या वेळी ऑपरेशनला साडेपाच महिने झाले होते. फिजिओथेरपी सहा आठवड्यांनंतर सुटली होती, कारण त्यासाठी त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जायचे म्हणजे पूर्ण दिवस आणि दुलाभाईंची एका दिवसाची मजुरी जायची. एका संध्याकाळी मित्रांनी एक खेळाडू कमी पडतो म्हणून बोलावले. तो एका डावासाठी उतरला आणि पुन्हा तोच आवाज आला.

दुसऱ्या डॉक्टरसाहेबांना आपाने विचारले, "साहेब, चूक कोणाची?" ते शांतपणे म्हणाले, "ताई, एकच कारण शोधू नका. बहुतेक वेळा तीन-चार गोष्टी एकत्र येतात." मग त्यांनी कागदावर तीन रकाने पाडले. पहिला, जे कोणाच्याच हातात नाही. दुसरा, जे सर्जनच्या हातात आहे. तिसरा, जे घरच्यांच्या आणि मुलाच्या हातात आहे. हेच तीन रकाने माझ्या वहीत आहेत.

पहिल्या रकान्यात सगळ्यात वर वय होते. मला वाटायचे, तरुण शरीर लवकर भरून येते, म्हणजे धोका कमी. प्रत्यक्षात उलट आहे. नॉर्वेने २००४ पासून अशा ऑपरेशनांची देशभराची नोंदवही ठेवली आहे, पुढे स्वीडन आणि डेन्मार्कनेही सुरू केली. तिथल्या नोंदींत कोवळ्या वयाच्या रुग्णांमध्ये दुसऱ्या ऑपरेशनचे प्रमाण जास्त दिसते. कारण तरुण मुले पुन्हा त्याच वळणावळणाच्या खेळांकडे जातात, आणि लवकर जातात. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला एक आकडा मला चटका लावून गेला. पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा मैदानात उतरले, त्यांच्यातल्या शंभरातल्या सुमारे २३ जणांची एसीएल पुन्हा तुटली, कोणाची त्याच गुडघ्याची तर कोणाची दुसऱ्या गुडघ्याची. म्हणजे चांगला गुडघाही धोक्याबाहेर नसतो. याच रकान्यात नडगीच्या हाडाचा वरचा उतार येतो. काहींचा तो जन्मतः जास्त असतो आणि कलमावर ताण वाढतो. मांडीमागचे स्नायूबंधही कोणाचे जाड, कोणाचे बारीक. त्यापासून केलेले कलम ८ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर तरुणांमध्ये ते तुटण्याची शक्यता वाढते. भाच्याच्या पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर ७ लिहिलेले होते.

दुसऱ्या रकान्यात बोगद्यांची जागा होती. हाडातले बोगदे थोडे जरी पुढे-मागे झाले तरी कलमावर चुकीच्या दिशेने ताण येतो. गुडघ्यातली गादी, जिला ते मेनिस्कस म्हणतात, तीही फाटलेली असेल आणि दुरुस्त झाली नाही किंवा काढून टाकावी लागली, तर कलमाला एकट्याने भार पेलावा लागतो. दुसऱ्या माणसाच्या शरीरातून घेतलेले कलम तरुणांमध्ये जास्त वेळा तुटते, म्हणून तरुणांना स्वतःचेच वापरण्याकडे कल असतो. आणि जास्त धोक्याच्या तरुणांमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने आणखी एक पट्टा बांधला तर फायदा होतो. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, पंचविशीपर्यंतचे ६१८ तरुण होते. नुसते कलम केलेल्यांत शंभरातल्या ११ जणांचे दोन वर्षांत तुटले, जादा पट्टा बांधलेल्यांत ४ जणांचे.

तिसरा रकाना वाचताना आपा पदराने डोळे पुसत होती. त्यात पहिला शब्द होता 'घाई'. ओस्लो आणि अमेरिकेतल्या डेलावेअर इथल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात दिसले की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवले, तितका गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्यामागे जवळपास निम्मा होत गेला. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तेवढा फरक पडला नाही. पण नुसते दिवस मोजून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावर मारलेल्या उड्या दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के व्हायला हव्यात. या चाचण्या पार न करता परतलेल्यांत शंभरातल्या ३८ जणांना दोन वर्षांत पुन्हा दुखापत झाली. पार करून परतलेल्यांत सहाजणांनाही नाही.

भाच्याची ताकद पहिल्या वेळी कोणी मोजलीच नव्हती. ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा बारीक राहिली होती, हे विजार घालताना त्याला स्वतःला जाणवायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. दुसरे ऑपरेशन प्रत्येक वेळी कलम तुटल्यामुळेच लागते असे नाही. गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, आत व्रणाची गाठ तयार झाली असेल, शिवलेली गादी पुन्हा फाटली असेल, स्क्रू टोचत असेल, क्वचित जंतुसंसर्ग झाला असेल, तरीही पुन्हा आत जावे लागते. पहिल्या दुखापतीनंतर सूज उतरण्याआधी आणि गुडघा सरळ होण्याआधी ऑपरेशन केले तर गुडघा आखडण्याचा धोका वाढतो. उलट महिनोनमहिने डळमळता गुडघा तसाच वापरला तर गादी झिजते, फाटते. म्हणून ऑपरेशन कधी करायचे हेही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. धूम्रपानही कलमाच्या भरून येण्याच्या आड येते.

दुसऱ्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅन काढला. जुने बोगदे रुंद झाले असतील तर आधी त्यात हाड भरून काही महिने थांबावे लागते आणि मग नवे कलम बसवतात. आमच्या नशिबाने तशी वेळ आली नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण मांडीमागचा स्नायूबंध एकदा वापरला गेला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, आता गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा, दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घेऊ. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी कधी विसरणार नाही. "तुमच्या घरात गुडघ्यावर बसणं किती होतं?"

मी म्हणाले, "साहेब, दिवसातून पाच वेळा."

ते हसले आणि म्हणाले, हे आधी कळायला हवे असते. वाटीखालचा पट्टा काढला की गुडघे जमिनीवर टेकताना दुखण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, कधी कायमचाही राहतो. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायूबंधही घेता येतो, त्यात तो त्रास कमी असतो. भाच्याशी बोलून त्यांनी तोच घेतला आणि बाहेरून पट्टाही बांधला. आपल्या घरात कोणावर अशी वेळ आली, तर हा प्रश्न डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. सजदा, कायद्यातली बैठक, जमिनीवर जेवायला बसणे, भारतीय पद्धतीचा संडास, हे सगळे आपणहून सांगा. त्यांना आपली घरे माहीत नसतात.

ऑपरेशननंतर रमजान आला. तरावीहला मुलगा खुर्चीवर बसलेला पाहून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या मौलानांनीच त्यांना समजावले, आजारी माणसाला बसून नमाज पढायची सवलत दीननेच दिली आहे, ती घेण्यात कमीपणा कसला? त्या एका वाक्याने मुलाचा जीव भांड्यात पडला. लोक काय म्हणतील या भीतीने गुडघा मुदतीआधी दुमडणारे किती असतील, कोणास ठाऊक.

या वेळी आम्ही घराची व्यवस्थाच बदलली. नाशिकला महिन्यातून एकदाच जायचे, तिथे पुढच्या महिन्याचे व्यायाम शिकून यायचे, ते मी वहीत चित्रांसह उतरवते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा सरळ करणे, मांडी आवळून धरणे, पाय सरळ उचलणे इथून सुरुवात झाली. पुढे भिंतीला टेकून बसणे, पायरीवर चढ-उतार, एका पायावर अर्धी बैठक. शाळेच्या पडवीत मी खडूने रेघ मारून टेप लावली. सहाव्या महिन्यात फिजिओथेरपिस्टच्या परवानगीने त्याने एका पायावर उडी मारली. डावा पाय १६० सेंटिमीटर, उजवा ११८. माझ्या शाळेतल्या एका मुलाने लगेच हिशेब केला, "बाई, ७४ टक्के." पावसाळ्यात शेवाळलेल्या पायवाटांवर तो काठी घेऊन चालला. मित्र हसले. हसू दे म्हणालो.

खर्चाबद्दलही सांगते. अशा वेळी घाबरून दागिने गहाण टाकण्याआधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात जा. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात होते, हे त्याच्याकडून आधी समजून घ्या. आणि खर्चाचा हिशेब करताना ऑपरेशनचे पैसे वेगळे, पुढच्या नऊ महिन्यांच्या येण्या-जाण्याचे पैसे वेगळे धरा. आमच्याकडे पहिल्या वेळी दुसरा आकडा कोणी सांगितलाच नव्हता.

मुलींच्या आयांनाही एक सांगायचे आहे. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींची एसीएल तुटण्याचे प्रमाण जास्त असते. हे ऐकून मुलीला मैदानातून घरी आणू नका. वीसेक मिनिटांचा पद्धतशीर सराव, ज्यात उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे, तोल सांभाळणे, मांडीची ताकद वाढवणे असते, त्याने अशा दुखापती कमी होतात. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने असा सराव तयार केला आहे. आमच्या शाळेत मुलामुलींना आम्ही तो खेळाच्या तासाआधी देतो. त्याला साहित्य लागत नाही.

भाचा मोठ्या खेळाडूंची उदाहरणे द्यायचा, तीच मी त्याला परत दिली. ऋषभ पंतच्या गाडीला ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला, गुडघ्याच्या अस्थिबंधांचे ऑपरेशन मुंबईत झाले. सगळ्या सोयी हाताशी असून तो मैदानात उतरला थेट मार्च २०२४ मध्ये. कबड्डीचा पवन सेहरावत ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून पूर्ण हंगाम बाहेर बसला आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्याच कप्तानीत भारताने हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. सगळी काळजी घेऊनही कधी यश येत नाही, हेही मी त्याला सांगितले. अमेरिकेची बर्फावरची खेळाडू लिंडसे व्हॉन हिचा गुडघा फेब्रुवारी २०१३ मध्ये मोडला, त्याच नोव्हेंबरमध्ये सरावात पडून तोच पुन्हा दुखावला आणि सोचीचे ऑलिंपिक हुकले. म्हणून कोणाच्याही मुलाचे दुसरे ऑपरेशन झाले तर 'ऐकलं नसेल' असे म्हणण्याआधी दहादा विचार करावा.

आज भाच्याला आठवा महिना चालू आहे. परवा तो म्हणाला, "खाला, भरतीची जाहिरात आली तर?"

मी म्हणाले, "बेटा, तू एकोणीस वर्षांचा आहेस. भरतीला अठ्ठावीसपर्यंत बसता येतं. मैदानी चाचणीनंतर वैद्यकीय तपासणीही असते, डळमळता गुडघा तिथेही अडवेल. तुझ्याकडे नऊ वर्षं आहेत, गुडघ्याला त्यातला एकच वर्ष दे."

तो काही बोलला नाही. संध्याकाळी टेप मागायला आला. डावा १६४, उजवा १४३. हिशेब त्याने स्वतःच केला, ८७ टक्के. ९० व्हायला अजून तीन बाकी आहेत, आणि ती तीन होईपर्यंत तो कबड्डीच्या मैदानात गुण लिहायला बसतो.